पहाटे सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोटरसायकल चालू ठेवण्याबाबत

बी-१०२, काकू: नमस्कार. आज परत पावणेसहाला खिडकीखाली गाडी किती वेळ घुरघुरत होती. यांचा पहाटेच कुठे डोळा लागतो. ज्याची आहे त्याला माहीत आहे. मीटिंगमध्येही सांगून झालं.

ए-२०३: माझीच आहे, नाव घ्या ना काकू. बुटीबोरीच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्ट आहे. इंजन गरम न करता काढली तर गाडी खराब होते.

सी-४०१: भाऊ, तुमची बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांची) आहे, फ्युएल इंजेक्शनवाली, पेट्रोल किती द्यायचं ते तीच ठरवते. चोक ओढायचे दिवस गेले. अर्धा मिनिट बस झाला, मग सुरुवातीला हळू चालवा. एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणारी १२५ सीसीची गाडी उभ्या उभ्या चालू ठेवणं तर उलट वाईट. सिलिंडरच्या फिनला (बाहेरच्या धातूच्या पट्ट्यांना) वारा लागला तरच ती थंड होते.

बी-३०४: पार्किंगमध्ये इंजन चालू ठेवू नये. 🙏

ए-२०३: मग मे महिन्यात व्हरायटी चौकाच्या सिग्नलला काय करायचं?

सी-४०१: बंद करायची. वर्धा रोडला लागलात की वारा मिळतो, तिथे ४५ डिग्रीतही काही होत नाही. इंजन तापतं ते गर्दीत.

ए-५०१, काकाजी: म्हणूनच म्हणतो, लिक्विड-कूल्ड घ्या, कूलंट आणि रेडिएटरने थंड होणारी. पोराची यामाहा आर१५ पाहा, १५५ सीसीत १८ पीएस ताकद!

बी-२०२: तीच ना जी व्हिजिटरच्या जागेत उभी असते?

ए-५०१, काकाजी: आम्ही मेंटेनन्स वेळेवर भरतो. काहींचा मार्चपासून बाकी आहे.

सचिव: कृपया विषयावर बोला.

डी-१०३: गाडीलाही खसचा कूलर लावा बाप्पा 😄

सी-४०१: काकाजी, ताकद रेडिएटरमुळे येत नाही. चार व्हॉल्व्ह (झडपा), जास्त कॉम्प्रेशन (हवा-पेट्रोल जास्त दाबणं), वर १० हजार आरपीएम (मिनिटाला फेरे), म्हणून १८ पीएस निघतात. पेट्रोलच्या उष्णतेतला जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा कामी येतो, बाकी सायलेन्सर आणि इंजनातून बाहेर पडतो. इंजनातली ती उष्णता काढायला रेडिएटर लागतो. स्प्लेंडर ९७ सीसीत ८ पीएस काढते, तिला फिन पुरतात.

बी-३०४: पार्किंगमध्ये इंजन चालू ठेवू नये. 🙏

बी-२०२: वाचलं हो, मघाशीच वाचलं.

सी-२०२, ताई: मुलाला कॉलेजसाठी घ्यायची आहे. नागपूरच्या उन्हात रेडिएटर तरी चालतो का? २०१३ ला पारा ४७.९ वर गेला होता.

सी-४०१: चालतो ताई. कूलंट नव्वदच्या वर तापलेलं असतं, त्यामुळे ४७ ची हवाही त्याला थंडच. फक्त सिग्नलला पंखा पायावर गरम झोत मारतो. आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी कधीच टाकू नका, क्षार साचून नळ्या बुजतात. मधला मार्ग ऑईल-कूल्ड, म्हणजे इंजन ऑईलने थंड होणारी, अपाचे १६० ४व्ही सारखी. नुसतं कॉलेजच असेल तर एअर-कूल्ड १२५ भरपूर झाली.

ए-५०१, काकाजी: आमच्यात दोनदा नळाचंच पाणी टाकलं होतं...

सी-४०१: आजच पूर्ण काढून मॅन्युअलमधलं कूलंट भरून घ्या काकाजी. आणि इंजन तापलेलं असताना कॅप उघडू नका, वाफेने हात भाजेल.

ए-२०३: ठीक आहे काकू, उद्यापासून गेटबाहेर नेऊनच सुरू करतो. पण चौथ्या मजल्यावरचा मिक्सरही पहाटेच चालतो, त्याचं कोणी बोलत नाही.

बी-१०२, काकू: धन्यवाद भाऊ. मिक्सरचं त्यांना मी वेगळं सांगते.