मदत हवी आहे: आप्पांच्या बुबुळरोपणाला १४ महिने झाले, डोळा पुन्हा लाल

आम्ही वाळवा तालुक्यातले. उसाचं पात लागून आप्पांच्या डोळ्यात बुरशी झाली, शेवटी बुबुळ बदलावं लागलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, लाली, उजेड न सोसणं, अंधुक दिसणं, दुखणं, यातलं एकही जाणवलं तर त्याच दिवशी या. शरीर बुबुळ वर्षांनंतरही नाकारू शकतं. आज सकाळी लाली दिसली. ते होऊ नये म्हणून दिलेले स्टेरॉइडचे थेंब आप्पांनी परस्पर बंद केलेत, हेही आजच कळलं. जीव थाऱ्यावर नाही. लगेच सांगलीला निघालोय.

ज्यांच्या घरी असं रोपण झालंय त्यांनी सांगा: थेंब किती वर्षं चालू आहेत? डोळ्याचा दाब किती महिन्यांनी तपासता? टाका सैल झाल्यावर खुपतं का? आणि रानात जाताना कुठला चष्मा वापरता? आप्पा घरी बसणारे नाहीत.