ई-चलानची फाइल उघडली, मामांच्या खात्यातून ४८ हजार गेले. आज रविवार, काय करू?

कृष्णाकाठची:
माझे मामा मिरजेला असतात, एसटीतून रिटायर झालेत. शुक्रवारी त्यांना व्हॉट्सॲपवर 'आरटीओ ई-चलान एपीके' अशी फाइल आली, तीही भजनी मंडळातल्या ओळखीच्या नंबरवरून. स्कूटीला दंड लागला असेल म्हणून उघडली. काल रात्री दोनदा मिळून ४८ हजार गेले. मामा शपथेवर सांगतात, ओटीपी कुणाला दिला नाही, कुणाचा फोनही आला नाही. शाखेतले साहेब ओळखीचे, त्यांना घरी गाठलं तर म्हणाले, "ओटीपीशिवाय पैसे जातच नाहीत, तुम्हीच दिला असणार." उद्यापर्यंत थांबायचं का?

रात्रपाळी:
अजिबात नको. दुसऱ्या फोनवरून १९३० लावा, सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे, लागला नाही तर लावत राहा. मामांचा फोन आधी फ्लाइट मोडवर टाका.

निवृत्त_कॅशियर:
साहेब अर्धंच खरं बोलले. ओटीपी आला होता, पण मामांनी दिला नाही, त्या फाइलीने नेला. ती फाइल म्हणजे ॲप. बसवताना 'मेसेज वाचू का' विचारतं, माणूस घाईत हो म्हणतो, आणि मग बँकेचा मेसेज परस्पर चोराकडे जातो. मंडळातल्या त्या माणसावर राग धरू नका, त्याचाही फोन असाच गेला असणार.

ताई, आजच बँकेच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा. तक्रार घ्यायची सोय चोवीस तास ठेवणं बँकांना सक्तीचं आहे. नंबर पासबुकावरचा किंवा कार्डामागचा घ्या. गूगलवर शोधू नका, तिथे दुसरा चोर बसलेला असतो! तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तक्रार नोंदवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी, मग चूक कुणाचीही असो.

आधी गेलेल्या पैशांवर मात्र भांडावं लागेल. चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाचे दिवस लागले तर नेहमीच्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांचा फटका. बँक म्हणणार, फाइल उघडली हा निष्काळजीपणा. म्हणू द्या. तो सिद्ध करायची जबाबदारी त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे, 'दिला असणार' एवढ्यावर भागत नाही.

उद्या लेखी अर्ज दोन प्रतींत न्या. काउंटरवरचा मुलगा गोल शिक्का मारेल, तारीख टाकेल आणि प्रत सरकवेल. हलू नका. वेळ आणि सही मागा, आवक क्रमांकही घ्या. मी काउंटरवर आयुष्य काढलंय, वेळ कुणी आपणहून लिहीत नाही. अर्जात 'मी ओटीपी दिला' असं एक अक्षर नको, शाखेतल्या कुणी 'असं लिहा' म्हटलं तरी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा, फुकट आहे.

रात्रपाळी:
फोन लगेच रिसेट मारू नका हं. फाइलीचा, चॅटचा आणि बँकेच्या मेसेजचा दुसऱ्या मोबाइलने फोटो काढून ठेवा, पोलीस मागतात.

कृष्णाकाठची:
१९३० लागला. तक्रार झाली, त्यातल्या १९ हजारांवर पुढच्या खात्यात होल्ड लागलाय म्हणे. आणि हो, मामांच्या नंबरवरूनही तीच फाइल अख्ख्या मंडळाला गेलीय!

निवृत्त_कॅशियर:
होल्ड लागला म्हणजे पैसे पुढे सरकायचे थांबले, हातात यायला पोलीस ठाण्यात खेपा आहेतच. तक्रारीचा क्रमांक सांभाळा. मंडळाला मेसेज टाकू नका, फोन करा, निम्मे लोक मेसेज वाचायच्या आधी फाइल उघडतील. पेटीवाल्या बुवांपासून सुरुवात करा, त्यांचं सगळ्यांशी बोलणं असतं.