शब्दचर्चा: ‘ई-डिस्कव्हरी’ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा

अमेरिकी खटल्यांतील कागद तपासण्याचे काम पुण्यातून करणाऱ्या एका कार्यालयासाठी मराठी माहितीपुस्तिका लिहिते आहे. आधीच्या मसुद्यात ‘ई-डिस्कव्हरी’ला, म्हणजे खटल्यासाठी ई-मेल, फायली असा इलेक्ट्रॉनिक मजकूर समोरच्या पक्षापुढे उघड करण्याला, ‘इलेक्ट्रॉनिक शोध’ म्हटले आहे आणि ‘सर्च’लाही ‘शोध’च. वाचताना काहीच उलगडत नाही. कोर्टात काय म्हणतात? शोध किती चांगला झाला हे मोजणाऱ्या ‘रिकॉल’ आणि ‘प्रिसिजन’ यांनाही शब्द हवे आहेत.

प्रतिसाद

‘शोध’ काढून टाका. घोटाळा टळेल हे तर झालेच, पण अर्थच चुकतो हे मोठे कारण आहे. शोध म्हटले की शोधणारा डोळ्यांपुढे येतो. कायद्यातल्या डिस्कव्हरीत भार समोरच्यावर असतो: वादाशी संबंध असलेले जे काही तुमच्या ताब्यात आहे ते उघड करा, तुमच्या विरुद्ध जाणारे असले तरी. म्हणून ‘प्रकटीकरण’ हा शब्द बसतो. इंग्लंडने तर १९९९ च्या दिवाणी नियमांत ‘डिस्कव्हरी’ हा जुना शब्दच सोडला आणि ‘डिस्क्लोजर’ घेतला. आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ११ मध्ये डिस्कव्हरी आणि निरीक्षण आहे. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय कायद्याने व्यापारी दाव्यांसाठी हा आदेश नव्याने लिहिला, त्यात ‘डिस्क्लोजर’ शीर्षकातच आले. आपल्या बाजूचे असोत वा विरुद्ध, ताब्यातल्या कागदांची यादी दाव्यासोबत द्यायची आणि तसे शपथेवर सांगायचे.

अमेरिकेत संघीय दिवाणी नियम १९३८ पासून आहेत. ‘इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवलेली माहिती’ हा शब्दप्रयोग त्यांत डिसेंबर २००६ मध्ये आला. पण खरी धग त्याआधीच लागली होती. यूबीएस या बँकेविरुद्ध लॉरा झुबुलाके या माजी कर्मचारी बाईंनी लिंगभेदाचा दावा केला. न्यूयॉर्कच्या न्यायाधीश शिरा शेंडलिन यांनी २००३-०४ मध्ये त्यात एकामागून एक निर्णय दिले: बॅकअप टेपांतून ई-मेल परत मिळवण्याचा खर्च कोणी सोसायचा, आणि दावा होणार हे दिसू लागताच कागद जपण्याची जबाबदारी कशी सुरू होते. जपून ठेवा असे सांगूनही काही ई-मेल पुसले गेले होते. न राहिलेला मजकूर बँकेच्या विरुद्ध होता असे समजायला ज्यूरीला मुभा मिळाली आणि २००५ मध्ये निकाल झाला २ कोटी ९० लाख डॉलरच्या वर. ‘लिटिगेशन होल्ड’ला, म्हणजे काही पुसू नका या सूचनेला, ‘स्थगिती’ म्हणणारे भाषांतर मी पाहिले आहे, ते साफ उलटे आहे. थांबवायचे असते ते पुसणे, दावा नव्हे. ‘जतन-सूचना’ म्हणा.

प्रतिसाद

जिल्हा न्यायालयात बरीच वर्षे काढली आहेत म्हणून थोडी भर घालतो. ‘प्रकटीकरण’ कागदावर ठीक आहे. ‘प्रॉडक्शन’ला मात्र ‘उत्पादन’ कृपा करून लिहू नका, आमच्याकडे कागद हजर करतात. सोबत फेरिस्त, म्हणजे कागदांची यादी, जोडतात, आणि पुराव्यात वाचला गेला की कागदाला निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक, पडते. पुस्तिका वाचणारी मुले वकिलीची पदवी घेऊन आलेली असतील तर हे शब्द त्यांच्या कानावर असतात. ‘क्लायंट’ला अशील आहेच.

विचारणा करणारी

हे शब्द फार उपयोगी पडले, मनापासून आभार. रिकॉल आणि प्रिसिजनचे काय करू? मसुद्यात ‘आठवण’ आणि ‘अचूकता’ आहे.

प्रतिसाद

‘आठवण’ नकोच! आणि ‘अचूकता’ दोन्हींना लागू पडेल, म्हणून तीही नको. जे सापडले त्यातले कामाचे किती, हा ‘नेमकेपणा’ (प्रिसिजन). कामाचे जेवढे होते त्यातले सापडले किती, हा ‘आवाका’ (रिकॉल). जाळ्यात आलेले सगळे मासे खाण्याजोगे निघाले म्हणून तळ्यातले सगळे मासे हाती आले असे होत नाही.

पुस्तिकेत ब्लेअर आणि मॅरन यांचा १९८५ चा अभ्यास जरूर घ्या. खटला सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेवरील अपघाताचा. सुमारे ४०,००० दस्तऐवज, साडेतीन लाखांच्या आसपास पाने, सगळी आयबीएमच्या स्टेअर्स या प्रणालीत शब्दागणिक शोधता येण्याजोगी. कामाचे पाऊणभर कागद मिळाले अशी वकिलांची खात्री होती. प्रत्यक्षात सरासरी २० टक्केच मिळाले होते. नेमकेपणा मात्र ७९ टक्के होता, आणि फसगत तिथेच झाली: समोर येणारा जवळजवळ प्रत्येक कागद कामाचा असल्यावर काही निसटते आहे ही शंका कोणाला येणार? कारण शब्दांतच होते. ज्यांच्यावर दोष येणार होता ते पत्रांत ‘अपघात’ लिहीतच नव्हते. ते ‘घटना’, ‘परिस्थिती’, ‘अडचण’ असे लिहीत होते. दोष लपवणारा माणूस आधी शब्द मऊ करतो, आणि नेमका शब्द टाकून शोधणाऱ्याला तो सापडत नाही. आपल्या मुलांनी तपासणीला बसण्याआधी हे एवढे तरी वाचावे असे मला फार वाटते.

पुढची सगळी तंत्रे या खड्ड्यावर पूल बांधायला निघालेली आहेत. शब्दाची रूपे आणि समानार्थी शब्द धरणारे शोध, सारख्या आशयाचे कागद एकत्र करणारी प्रणाली, आणि ‘प्रिडिक्टिव्ह कोडिंग’. यात जाणता वकील नमुन्याचे कागद ‘संबंधित’ किंवा ‘असंबंधित’ ठरवतो, यंत्र त्यावरून शिकून उरलेल्यांना क्रम लावते. न्यूयॉर्कचे न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी २०१२ मध्ये दा सिल्वा मूर खटल्यात याला संमती दिली, इंग्लंडमध्ये २०१६ च्या पिर्हो प्रकरणात मिळाली. ‘भाकीत’ नको, तिथे ज्योतिष येते. ‘नमुन्यावरून वर्गवारी’ म्हणा. लांब आहे, पण काय चालते ते त्यात सांगितले जाते.

प्रतिसाद

आणि ‘हॅश’, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून यंत्राने काढलेली तिची ओळखखूण? ‘संख्यात्मक ठसा’ असे कुठे तरी वाचले.

प्रतिसाद

समजावताना ‘ठसा’ चालेल, संज्ञा म्हणून ‘हॅश’च राहू द्या, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात तोच शब्द येतो. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून खोतकर विरुद्ध गोरंट्याल हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही याचा व्हिडिओ त्यात होता. मूळ यंत्रच कोर्टात आणले नसेल तर जुन्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र हवेच, असे १४ जुलै २०२० रोजी ठरले. त्याच्या जागी आता भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ आहे, १ जुलै २०२४ पासून लागू. त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यातच हॅश लिहायचा रकाना आहे. सही करणाऱ्याला पुस्तिकेत एक शब्द आणि नमुन्यात दुसरा दिसला तर तो अडखळेल.