आयव्हीएस १-५ जी>सी: जीटी-एजी शाबूत असताना स्प्लाइसिंग का बिघडतं? आणि चुकीचे बँड दिसत का नाहीत?

पेशीकेंद्र (प्रश्न)
भारतात बीटा थॅलेसेमियाचा सर्वांत जास्त आढळणारा बदल आयव्हीएस १-५ जी>सी, म्हणजे सी.९२+५जी>सी. म्हणजे जीनच्या पहिल्या इंट्रॉनमध्ये पाचव्या जागी जी ऐवजी सी. (इंट्रॉन कापून एक्सॉन जोडणं म्हणजे स्प्लाइसिंग.) कोडॉन, म्हणजे अमिनो आम्ल ठरवणारी तीन अक्षरं, एकही बदलत नाही, इंट्रॉनच्या टोकांचे जीटी आणि एजी जागेवर आहेत. तरी बीटा ग्लोबिन इतकं का घटतं? दुसरं म्हणजे एक्सॉन १ मध्ये फॉरवर्ड आणि एक्सॉन २ मध्ये रिव्हर्स प्रायमर घेऊन रुग्णाच्या रक्तावर आरटी-पीसीआर (आरएनएचा डीएनए करून त्याच्या प्रती वाढवणं) केलं, तर २% अगारोजवर नॉर्मलच्या जागी एकच जाड बँड येतो. स्प्लाइसिंग चुकलं असेल तर चुकीचे बँड गेले कुठे?

यू-वन
जीटी शाबूत आहे एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. डोनर जागा (एक्सॉन संपून इंट्रॉन सुरू होतो तो सांधा) ओळखतो यू१ हा पेशीतला छोटा आरएनए, आणि तो एक्सॉनची शेवटची तीन व इंट्रॉनची पहिली सहा अक्षरं जोडून पाहतो. त्याला हवं असतं सीएजी, मग जीटीएएजीटी. बीटा ग्लोबिनच्या पहिल्या इंट्रॉनला आहे सीएजी, मग जीटीटीजीजीटी. तिसऱ्या जागी टी, चौथ्या जागी जी, म्हणजे दोन ठिकाणी आधीच ढिलाई. पुढचा भार पाचव्या जी वर. तिथे सी आला की यू१ च्या सी समोर सी, जोडी जमतच नाही. शिवाय यू१ बाजूला होऊन यू६ हा तसाच दुसरा आरएनए त्याच पट्ट्यावर बसतो, तेव्हाही पाचवा जी कामी येतो. फटका दोनदा.

खरी जागा लंगडी झाली की एरवी हरणाऱ्या जागा पुढे येतात. १९८३ मध्ये ट्रीसमन, ऑर्किन आणि मॅनिआटिस यांनी हे बदललेले जीन हेला पेशींत (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत) घालून तीन छुप्या डोनर जागा दाखवल्या: दोन एक्सॉन १ च्या आत, खऱ्या जागेच्या १६ आणि ३८ बेस आधी, आणि एक इंट्रॉनमध्ये १३ व्या बेसवर. उणे १६ ची जागा पाहा: जीटीजीएजीजी, इंट्रॉनकडची बाजू खऱ्या जागेपेक्षाही छान, पण एक्सॉनकडे सीएजी ऐवजी जीटीजी, म्हणून ती एरवी मागे पडते. (जाता जाता: हिमोग्लोबिन ई मध्ये कोडॉन २६ चा जीएजी एएजी होतो, त्यामुळे हीच जागा जीटीएएजीजी बनते. म्हणून तो बदल प्रथिनाचा आणि स्प्लाइसिंगचाही.)

खरी जागा पूर्ण बंद होत नाही, थोडं योग्य स्प्लाइसिंग चालूच राहतं. त्यामुळे हा बीटा शून्य (बीटा ग्लोबिन अजिबात नाही) नाही, तीव्र बीटा प्लस (थोडंसंच बनतं). पहिलाच जी गेला, जसं आयव्हीएस १-१ जी>टी मध्ये, तर मात्र बीटा शून्य.

जेलवाली
बँडचं उत्तर दोन ठिकाणी आहे, एक पेशीत आणि एक तुमच्या जेलमध्ये.

पेशीतलं आधी. १६ किंवा ३८ बेस गळाले की फ्रेम (तीन-तीन अक्षरं वाचण्याची चौकट) सरकते आणि एक्सॉन २ मध्येच थांबा-कोडॉन येतो. तो एक्सॉन २ व ३ च्या सांध्याच्या ५०-५५ बेसपेक्षा बराच आधी असल्याने नॉनसेन्स मीडिएटेड डिके (अवेळी थांबा असलेला आरएनए नष्ट करणारी पेशीची व्यवस्था) तो संदेश खाऊन टाकते. रेटिक्युलोसाइटमध्ये (रक्तातल्या कोवळ्या लाल पेशीत) उरतं ते मुख्यतः नीट जोडलेलं.

आता जेल. नॉर्मल तुकडा सोयीसाठी २०० धरा, तर चुकीचे १८४, १६२ आणि २१२ येतील. २% अगारोजवर १८४ आणि २१२ हे २०० च्या जाड बँडमध्ये मिसळून जातात. ८-१० टक्के पॉलिअॅक्रिलामाइड घ्या, किंवा एका प्रायमरला रंग जोडून कॅपिलरीवर चालवा. कॅपिलरी बरी, कारण तिथे तुकड्यांचे दोन्ही धागे सुटे होऊन धावतात. पॉलिअॅक्रिलामाइडवर दोन लांबींचे धागे एकमेकांत गुंतून बनलेला हेटरोडुप्लेक्स वरच्या बाजूला अडकतो आणि नवा ट्रान्सक्रिप्ट सापडला असं वाटतं.

पीसीआरच्या सायकली २०-२५ वरच थांबवा. ग्लोबिनचा आरएनए रक्तात भरपूर असतो, ३५ पर्यंत नेलंत तर प्रमाणाला अर्थ राहत नाही. नमुना ईडीटीएमध्ये, हेपॅरिनमध्ये नको, ते एन्झाइम अडवतं. रुग्णाला रक्त चढवण्याआधीचा घ्या. आणि ३३० वर बँड आला तर तो १३० बेसचा पहिला इंट्रॉन तसाच राहिलेला डीएनए असू शकतो. डीएनेझ (डीएनए तोडणारं एन्झाइम) वापरा, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली एक ट्यूब सोबत चालवा.

डिके थांबवून पाहायचं तर सायक्लोहेक्सिमाइड (प्रथिननिर्मिती थांबवणारं औषध), साधारण १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, ४ ते ६ तास. पण ते रेटिक्युलोसाइटवर नाही. त्यात केंद्रकच नाही, नवं लिप्यंतरण होत नाही. वाढवलेले एरिथ्रोब्लास्ट (केंद्रक असलेल्या अपक्व लाल पेशी) घ्या किंवा मिनीजीन (पेशीत घालायची जीनची छोटी प्रत). मिनीजीन करताना दुसरा इंट्रॉन आणि एक्सॉन ३ कापून टाकू नका. पुढे सांधाच नसेल तर डिकेला खूण मिळत नाही, आणि चुकीचे बँड रुग्णात दिसतील त्यापेक्षा कितीतरी ठळक येतील.

पेशीकेंद्र
+१३ चा तुकडा १२ बेसने लांब, म्हणजे तीनने भाग जातो. फ्रेम टिकते. मग तो डिकेतून सुटून चालेल असं बीटा ग्लोबिन देत नाही का?

यू-वन
फ्रेम टिकते, बरोबर. जास्तीचे बारा बेस वाचून पाहा: एजीजी नंतर टीटीजी, सीटीए (पाचव्या जी चा सी झालेला), टीसीए, एजीजी. म्हणजे ३० व्या आर्जिनीनपाठोपाठ ल्युसीन, ल्युसीन, सेरीन, आर्जिनीन अशी चार अमिनो आम्लं घुसतात, तीही बी हेलिक्सच्या टोकाजवळ. ३० वं आर्जिनीन अल्फा साखळीशी टेकणाऱ्या जागी आहे, तिथे चार जागांचा धक्का बसल्यावर टिकाऊ जोडी बनणं कठीण. म्हणून हा संदेश मोजताना नॉर्मलमध्ये धरू नका. रंगीत प्रायमर वापरलात तर २०० आणि २१२ चे शिखर वेगळे दिसतील, आणि फक्त २०० चं क्षेत्रफळ घ्या. क्वांटिटेटिव्ह पीसीआर करत असाल तर प्रोब (विशिष्ट तुकडा ओळखणारा रंगीत धागा) सांध्याच्या बरोबर मध्ये ठेवा, एका बाजूला मोजकेच बेस असलेला काठावरचा नको. त्यातून +१२ चा संदेशही धरला जाण्याचा धोका असतो.