स्लिकवर (रेसिंगच्या गुळगुळीत टायरवर) हाताने खाचा पाडायच्या आहेत, खोली किती ठेवावी?

ट्रॅक नुसता ओला आहे, पाणी साचलेलं नाही, एवढ्यापुरत्या जुन्या स्लिकच्या सेटवर गरम पात्याच्या ग्रूव्हरने खाचा पाडायच्या आहेत. टायरवर बारीक भोकं आहेत, ती पाण्यासाठीच का? आणि फॉर्म्युला वनला २००८ पर्यंत चार सरळ खाचांचे टायर असत, तो नमुना चालेल का? जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १
भोकांचा पाण्याशी काही संबंध नाही. डेप्थ गेजची सुई त्यात घालून रबर किती उरलंय ते मोजतात. खाचा पाडण्याआधी आतली कड, मध्य, बाहेरची कड अशा तिन्ही ठिकाणी मोजा. सगळ्यात कमी आकडा ३ मिमी असेल तर खाच २ मिमी खोल झाली की थांबा. कॉर्ड (रबराखालचे धागे) दिसली की टायर बाद.

फॉर्म्युला वनचा नमुना विसरा. त्या खाचा पावसासाठी नव्हत्याच, पावसाचे टायर तेव्हाही वेगळे असत. वर १४ मिमी, तळाशी १० मिमी, खोली २.५ मिमी हे मोजमाप नियमाने ठरवलेलं होतं; जमिनीला टेकणारं रबर कमी करून वळणावरचा वेग घटवायचा, एवढाच हेतू.

प्रतिसाद २
सरळ दोन खाचा आणि त्यांतून कडेकडे जाणाऱ्या तिरक्या, असं करा. तिरक्यांच्या व्ही आकाराचं टोक जमिनीला आधी टेकलं पाहिजे, म्हणजे पाणी बाहेर ढकललं जातं. गाडीमागे उभं राहून पाहिलं तर टोक वर दिसेल. उलटं पाडलंत तर पाणी मध्यभागी गोळा होईल. डावा टायर उजवीकडे लावलात तरी तेच.

पातं गोल तळाचं घ्या. चौकोनी कोपऱ्यातून रबर फाटत जातं. धूर निघाला तर पातं जास्त तापलंय. गार असेल तर ओढावं लागतं आणि हात खोल जातो. आधी भंगार टायरवर हात बसवा.

खाचांच्या मध्ये उरणारे रबराचे ब्लॉक बारीक ठेवू नका. ट्रॅक सुकायला लागला की ते डुलतात, तापतात आणि तुकडे उडतात.

प्रश्नकर्ता
आभार. सेट हार्ड कंपाउंडचा (कडक रबराचा) आहे, चालेल?

प्रतिसाद १
मग कष्ट वाया. खाच पाण्याला वाट देते, पकड रबराची. ओल्यात हार्ड कंपाउंड तापतच नाही, त्यात बऱ्याचदा तापून गार झालेलं जुनं रबर आणखी कडक होतं. सॉफ्ट सेट शोधा. आणि स्पर्धेत हाताने पाडलेल्या खाचा चालतात का, तेही नियमांत बघून घ्या.