मशेरी, राखुंडी, काडी: तुमच्या घरी दात कशाने घासायचे?

कृष्णाकाठ
काल कराडहून येताना एसटीत शेजारी एक आजी बसल्या होत्या. उंब्रज गेलं तशी त्यांनी पिशवीतून डबी काढली, चिमूटभर मशेरी डाव्या तळहातावर घेतली आणि बोटाने हिरड्यांवर फिरवायला लागल्या. डोळे मिटलेले, जगाशी संबंध संपला. तो वास नाकात गेला आणि मला आमच्या जुन्या घरातली सकाळ आठवली.

आमच्याकडे माणसागणिक वस्तू वेगळी. आजीची मशेरी, आईची राखुंडी, आम्हा पोरांना लाल दंतमंजन आणि आजोबांना कडुलिंबाची काडी. पेस्ट दिसायची ती मुंबईचे काका आले की. आजोबा काडी तोंडात धरून निघायचे ते थेट मळ्यापर्यंत. वाटेत भेटेल त्याच्याशी बोलणं, ऊस कोणाचा तुटला, कोणाची म्हैस व्याली, मध्येच बाजूला थुंकणं. टोक चावून चावून कुंचला झाला की एकेक दात घासायचा. शेवटी काडी मधोमध उभी चिरून, वाकवून तिनेच जीभ खरवडायची. मग मोरीतून जो काही ओकारीचा आवाज यायचा, तो ऐकून आजी चहाचं आधण ठेवायची. म्हातारपणीही ऊस दातांनीच सोलायचे.

राखुंडी आई घरी करायची. गोवऱ्यांची राख वस्त्रगाळ करून त्यात मीठ, तव्यावर फुलवलेली तुरटी, कुटलेली लवंग आणि नखाएवढा कापूर. बदामाच्या टरफलांची काळीभोर राखुंडी मामाकडे, ते श्रीमंती प्रकरण.

तुमच्याकडे काय होतं? दात, हिरड्या, दाढदुखी, कवळी, काहीही चालेल. लिहा.

चिऊताई
लाल दंतमंजन *खाल्लेले* हात वर करा. गोड लागायचं. डबा संपला की आई बाबांवर ओरडायची आणि आम्ही लाल जिभा आत ओढून गप्प.

पान्हा_नंबर_१२
✋ आमच्यात माकडछाप काळी पावडर. ती खायची सोय नव्हती. आरशात काळे दात दाखवून धाकटीला रडवायचं हा रोजचा कार्यक्रम. बाकी मुद्द्याचं काही नाही माझ्याकडे, वाचतोय.

आंबोळी
आमच्याकडे कोकणात आंब्याचं पान. मधली शीर काढायची, पानाची घडी करून तिने दात घासायचे आणि त्याच शिरेने जीभ. पान फार कोवळं नको, चुरगळतं. फार जून नको, हिरडी कापते. दारात एवढं मोठं झाड, पण गणपतीत मुंबईची भावंडं आली की हाताला लागतील त्या फांद्या बोडक्या व्हायच्या. वडीलधारी मंडळी तुसाची राख वापरायची, ती भलती खरखरीत. दूध उतू जातंय, येते परत.

श्रावणधार
मशेरीवर सगळे हसतायत म्हणून लिहिते. माझ्या मावशीला लग्नाआधीपासून सवय. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, मग चुरायची. भाजायला बसली की अख्खी आळी खोकायची. ती म्हणायची, दात मजबूत राहतात, आणि लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. दिवसातून एकदाचं दोनदा, मग जेवलं की, मग शेतात टेकली की. तीन वर्षांपूर्वी खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसला. दुखत नव्हता, म्हणून कोणी लक्षही दिलं नसतं. सुनेने पाहिला म्हणून बरं. तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता, पण डॉक्टरांनी मशेरी त्या दिवसापासून बंद करायला लावली. पहिले पंधरा दिवस घरात कोणाचं काही खरं नव्हतं, भांडी आपटत होती.

भटकी_मनी
श्रावणधार, बाप रे. मावशी आता बऱ्या आहेत ना?

श्रावणधार
हो गं, ठणठणीत. आता बडीशेपेची डबी कनवटीला असते. हाताला डबी लागते म्हणे.

दाढदुखे
दातांचा डॉक्टर आहे, ओपीडी संपली म्हणून लिहितो. श्रावणधार, तुमच्या मावशींच्या सुनेला माझ्यातर्फे साडी घ्या. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दाखवायचाच, दुखो वा न दुखो.

१९९२ सालापासून देशात टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी आहे. पण मशेरी घरच्या तव्यावर तयार होते, तिला कोणता निरीक्षक पकडणार? बायका तिला व्यसन समजत नाहीत, दात घासणं समजतात, तिथेच सगळी गोची आहे. मुंबईत गर्भवतींचा एक अभ्यास झाला, २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू घेणाऱ्या बहुतेक जणी मशेरीच लावत होत्या. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. म्हणून घरात कोणाला दिवस गेले असतील तर आधी ती डबी शोधा.

राखुंडीबद्दल: दात स्वच्छ दिसतात कारण ती घासून काढते. डागाबरोबर दातावरचं कवचही घासलं जातं, आणि ते परत येत नाही. लाल मंजनातल्या गेरूचंही तेच. हिरडीलगत दाताला खाच पडलेली, गार पाणी प्यालं की कळ जाते, अशी साठीतली मंडळी रोज येतात. विचारलं की उत्तर ठरलेलं, "आयुष्यभर राखुंडीच हो." आणि आडवं घासलेलं असतं, जोर लावून.

तात्या_परभणीकर
डॉक्टरसाहेब, तुम्हा लोकांना घरचं सगळंच वाईट दिसतं. आमचे वडील बाभळीच्या काडीवर ८८ वर्षं जगले. दवाखाना माहीत नाही.

दाढदुखे
तात्या, काडीला मी कुठे नावं ठेवली? ताजी काडी, नीट चावून मऊ केलेली, हळू हाताने, मागच्या दाढांपर्यंत नेली तर चांगलं काम करते. अडचण अशी की बहुतेकांची काडी पुढच्या सहा दातांवरच फिरते. आणि वडिलांना बिस्किटं, चहात तीन चमचे साखर, रात्री अकराला आइस्क्रीम, हे सगळं होतं का?

तात्या_परभणीकर
गूळ खायचे. भरपूर. पण भाकरीसोबत, ते खरं.

सूतशेखर
आयुर्वेदातल्या वाग्भटाने काडीचं मापच दिलंय. करंगळीच्या टोकाएवढी जाड, बारा अंगुळं लांब, सरळ, चवीला तुरट, तिखट किंवा कडू. झाडं रुई, वड, खैर, करंज, अर्जुन वगैरे. वापरायची सकाळी *आणि* जेवल्यावर, दातांचं मांस न दुखावता. ताप, खोकला, उलट्या असतील किंवा तोंड आलं असेल तेव्हा नाही. हे शेवटचं कोणी सांगत नाही, तोंड आलेलं असतानाही लोक कडुलिंब चावत बसतात.

दाढदुखे
"आणि जेवल्यावर" हे फ्रेम करून दवाखान्यात लावतो. रात्री ब्रश करा म्हटलं की लोक म्हणतात ही इंग्रजांची फॅडं.

वऱ्हाडी_ठेचा
माहेर पांढरकवड्याकडचं. आमच्या गावात अर्ध्या पोरापोरींचे दात पिवळे-तपकिरी, पट्टे पट्टे असलेले. लहानपणी मास्तर म्हणत, घासत नाहीत म्हणून. आम्ही राख घासली, मीठ घासलं, विटकरीचा चुरासुद्धा घासला जी. पाहुणे पाहायला आले की बहीण ओठ मिटून हसायची. मग कळलं की दोष बोअरच्या पाण्यात, फ्लोराइड जास्त. दात हिरडीच्या आत तयार होत असतात तेव्हाच, म्हणजे सात-आठ वर्षांच्या आत, तो डाग बसतो. वरून काय घासता? लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणी नसेल तर १.५ पर्यंत, असा नियम आहे. आमच्या बोअरचं त्याहून कितीतरी वर होतं. त्या हापशाला लाल रंग दिला, पाणी पिऊ नका म्हणून. पण दुसरा हापसा लांब होता, तर लोक काय करतील?

भटकी_मनी
विटकरीचा चुरा वाचून माझेच दात आंबले.

मीच_ती
सातवा महिना चालू आहे. ब्रश केला की हिरड्यांतून रक्त. सासूबाई म्हणतात ब्रश बंद कर, बोटाने मीठ-तेल चोळ. खरं का?

दाढदुखे
गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्या सुजतात, खूप जणींना होतं. ब्रश बंद मुळीच करू नका, मऊ ब्रश घ्या. कीटण साठलं की रक्त आणखी येतं. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या खुशाल करा. सासूबाईंचं तेलही चालेल, ब्रशच्या *जोडीला*. एकदा दाखवून घ्या, गरोदरपणात दात साफ करून घेता येतात.

आंबोळी
मीच_ती, अभिनंदन! आणि मीठ चोळू नकोस, खरखरीत असतं. पाण्यात विरघळवून. (आले परत. दूध गेलंच.)

सांजसावली
हिरड्यांवरून आठवलं. आमच्या ह्यांच्या हिरड्या सुजायच्या, तोंडाला वास. यूट्यूबवर बघून रोज सकाळी तिळाचं तेल तोंडात धरून घरभर हिंडायचे. काही विचारलं की हातवारे. मला तर ती वीस मिनिटं फार आवडायची, खरं सांगते. वास कमी झाला, रक्त थांबेना. शेवटी डेंटिस्टने आधी साखर तपासायला पाठवलं. २८० निघाली! औषधं सुरू झाली, दात साफ करून घेतले, तेव्हा हिरड्या ताळ्यावर आल्या. तेल अजून चालू आहे, माझ्या आग्रहाखातर.

पान्हा_नंबर_१२
सांजसावली, तेलाचा ब्रँड सांगा, बायको विचारतेय.

कृष्णाकाठ
हाहा! डॉक्टर, दात साफ केले की हलायला लागतात असं आमच्याकडे अजून म्हणतात. आणि बकुळीच्या सालीने हलणारे दात घट्ट होतात म्हणे?

दाढदुखे
हलायला आधीच लागलेले असतात. मध्ये दगडासारखं कीटण अडकलेलं असतं, त्याच्या आधाराने दात उभा. ते काढलं की खरी परिस्थिती कळते, आणि शिव्या आम्हाला. बकुळीची साल तुरट आहे, हिरडी थोडा वेळ आवळून येते, बरं वाटतं. पण खालचं हाड झिजलं असेल तर काढ्याने परत येत नाही.

लवंग मात्र अस्सल. तेलातल्या युजेनॉलने दाढ बधिर होते. आमच्या तात्पुरत्या सिमेंटमध्येही तेच असतं, दवाखान्यात शिरल्याबरोबर येणारा वास लवंगेचा. कापसाला एक थेंब, नुसत्या दाढेत. हिरडीवर ओतलं तर भाजतं. आणि दुखणं थांबलं म्हणजे दाढ बरी झाली असं नाही.

तात्या_परभणीकर
आमच्या बाजारात दाढेतला किडा काढणारी बाई बसायची. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीतून धुरी द्यायची आणि मग वाटीतल्या पाण्यात पांढरे किडे दाखवायची. मी डोळ्यांनी पाहिलेत.

दाढदुखे
तात्या, किडे वाटीत असतील, दाढेत नव्हते. दात किडतो तो जंतूंनी साखरेचं आम्ल केल्यामुळे.

तात्या_परभणीकर
पण दुखायचं थांबलं होतं ना भाऊ.

वऱ्हाडी_ठेचा
आमची आजी दाढेत हिंग भरायची. दाढेपेक्षा वासानेच माणूस बेशुद्ध.

चिऊताई
विषयांतर: लेकीचा पहिला दात काल पडला. आम्ही कौलावर टाकायचो, "उंदीरमामा, माझा दात घे, तुझा दात दे" म्हणत. आता सतराव्या मजल्यावर काय करू? तिला शाळेतून परी आणि उशीखालच्या पैशांचं कळलंय.

भटकी_मनी
तुळशीच्या कुंडीत पुर. आम्ही तेच केलं. उंदीरमामा फुकट काम करतो, परीला पैसे द्यावे लागतात, हे तिला समजावून सांग.

आंबोळी
परीचा भाव काय चाललाय सध्या?

चिऊताई
पन्नास. वर्गातल्या एकीला पाचशे मिळाले म्हणे, त्यामुळे घरात तणाव आहे.

पान्हा_नंबर_१२
मी अक्कलदाढ काढली तेव्हा मीच पैसे दिले. उलटा व्यवहार.

श्रावणधार
मुंबईत ताजी काडी कुठे मिळेल? बाबांना हवी आहे, गावाहून आल्यापासून रोज विचारतात. ऑनलाइनवाली वाळून लाकूड झालेली असते. सोसायटीत कडुलिंब आहे, पण फांदीला हात लावला तर सेक्रेटरी बाबांचे उरलेले दात पाडेल.

सांजसावली
बोरिवली स्टेशनबाहेर, भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला बायका जुड्या घेऊन बसतात. बाभूळ असते, कधीमधी करंजही. सकाळी आठच्या आत जा. आणि जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव, चार दिवस राहते.