प्रतिसाद: अंजनेरीची कंदीलपुष्पं

नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगरावरून कंदीलपुष्पाचे एकदोन कंद आणून कुंडीत वाढवले तर ही जात वाचेल, असं वर कुणीतरी सुचवलंय. हेतू चांगला आहे, पण कृपा करून कंद उकरू नका. सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जात 2006 साली याच डोंगरावरून नव्याने नोंदवली गेली. इथली झाडं मोजकीच, त्यामुळे उपटलेला एकेक कंद महागात पडतो. पाऊस संपला की वरचं झाड वाळून जातं, पुढच्या वर्षीचा सगळा जीव त्या कंदातच असतो.

पावसाळ्याच्या शेवटी मी गवतात बसून एक फूल जवळून पाहिलं. नळीच्या आत खाली वळलेले बारीक केस. चिलट आत शिरतं, अडकतं. केस कोमेजले की परागपिंड (परागकणांचे चिकटलेले गोळे) घेऊन सुटतं. कुंडीत लावाल हो, पण ते चिलट कुठून आणाल?

2017 मध्ये अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र झालं, ते चांगलंच झालं. पण गवतात पायवाट सोडून फिरणारे आपणच ना? दगडी वाटेनेच चढा. आणि फोटो टाकताना नेमकी जागा लिहू नका.